परसात पाइन लावायचा आहे : कोकणच्या खाऱ्या वाऱ्यात टिकेल असा देशी पाइन कोणता?

वाडीवरची — २१ एप्रिल २०२४, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय.

आमचं घर श्रीवर्धन तालुक्यात, समुद्रापासून दीड-दोनशे मीटरवर. घराला लागून नारळ-पोफळीची वाडी, वाडीच्या गडग्यापलीकडे पायवाट, मग सुरूचं बन आणि पुळण. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आमच्याच किनाऱ्यावर चढलं. वाडीतल्या एकवीस माडांपैकी नऊ गेले, पोफळी किती गेल्या ते मोजवलंच नाही. बनातले सुरूही आडवे झाले, तिथे आता मोठी खिंड पडली आहे. तेव्हापासून दुपारचा खारा वारा अडतच नाही, थेट पडवीत येतो. खिडकीचे गज दर वर्षी खरवडून रंगवायला लागतात आणि नवीन लावलेल्या कलमांची समुद्राकडची पानं कडेने करपतात.

आता पाइनबद्दल. माझे बाबा सैन्यात होते. नोकरीतली काही वर्षं त्यांनी रानीखेतला काढली. तिथून सुट्टीवर येताना १९८४ साली चीडाचं, म्हणजे तिकडच्या पाइनचं, एक बोंड घेऊन आले. नारळाच्या करवंटीएवढं, लाकडी पाकळ्यांचं. ते अजून पडवीच्या फळीवर आहे. बाबा गेल्या भाद्रपदात गेले. वारा सुटला की म्हणायचे, "तिकडे चीडाच्या रानात वाऱ्याचा आवाज आपल्या गाजेसारखाच येतो. एक झाड इथे लावायला हवं होतं." ते राहून गेलं.

मला समुद्राच्या बाजूला ओळीने पाच-सहा झाडं लावायची आहेत. देशी हवीत, काटक हवीत, वारा अडवणारी हवीत, आणि जमलं तर पाइन हवा. इथे कुणी लावलाय का? त्या बोंडात बी असेल का?

---

केवडा — २१ एप्रिल, रात्री ९:४८

बाबांबद्दल वाचून वाईट वाटलं, ताई. तुमच्या पुढचं जे सुरूचं बन आहे तोच पाइन ना? आमच्याकडे पर्यटक तरी त्याला पाइनच म्हणतात.

---

जांभादगड — २२ एप्रिल, सकाळी ६:३५

केवडा, सुरू हा पाइन नव्हे. लांबून तसा दिसतो खरा. सुरूची एक "सुई" तोडून नखाने ओढून बघा, सांध्या-सांध्यावर सुटत जाते, लहानपणी आपण तोडून परत जोडायचो तशी. ती मुळात पान नाही, हिरवी बारीक फांदी आहे. प्रत्येक सांध्यावर कडं केल्यासारखे सहा-आठ सूक्ष्म दात दिसतात, ती त्याची पानं. सुरू फुलणारं झाड आहे, त्याचं छोटं बोंड हे फळ. चीड त्या अर्थाने फुलतच नाही. त्याचं बी फळात नसतं, बोंडाच्या पाकळीवर उघडं असतं.

वाडीवरची, तुमच्या प्रश्नाला आता नीट उत्तर देतो. मी दापोलीचा. शेतीखात्यात होतो, आता निवृत्त. चीड लावायचा प्रयत्न मी स्वतः केला आहे.

आपल्या देशात पाइनच्या मोजक्याच जाती आहेत आणि त्या सगळ्या हिमालयातल्या नाहीतर ईशान्येकडच्या. बाबांनी पाहिला तो चीड. त्याच्या सुया तीन-तीनच्या जुडीत असतात, वीतभर किंवा त्याहून लांब. समुद्रसपाटीपासून साधारण ४५० ते २३०० मीटर उंचीवर तो वाढतो. त्याच्याही वर कैल, त्याच्या जुडीत पाच सुया. किन्नौरकडे चिलगोजा, ज्याचं बी सुक्या मेव्यात मिळतं. मेघालयात खासी पाइन. देवदाराला लोक पाइन म्हणतात, पण तो वेगळा.

सह्याद्रीत एकही पाइन नाही. निलगिरी-अन्नामलैकडे एक सूचिपर्णी झाड आहे, तेही पाइनच्या कुळातलं नाही, त्याची पानं चांगली रुंद असतात. आपल्याकडे उघड्या बियांची रानातली वनस्पती म्हणजे उंबळी, ती तर वेल आहे. तेव्हा "देशी" याचा अर्थ "भारतातला" एवढाच घेतलात तर चीड देशी. आपल्या मातीतला म्हणाल तर नाही.

माझा अनुभव असा. २००९ साली कुमाऊँतून बी आणलं. चीडाचं बी रुजायला अवघड नाही. वाळूमिश्रित मातीत एप्रिलमध्ये टाकलं, अठरा दिवसांत वर आलं. अकरा रोपं झाली. पहिल्याच पावसात सहा रोपं मातीलगत काळी पडून कोलमडली, बुरशी. उरलेली पाच मी उतारावर, कातळ फोडून उंच वाफा करून लावली. तीन जगली. चार वर्षांत छातीएवढी झाली. पाचव्या पावसाळ्यात दोन पिवळी पडून गेली. तिसरं आजही आहे, पण झाड म्हणावं असं नाही. खुरटलेलं, समुद्राकडच्या बाजूने सुया तांबडट. आणि माझं घर समुद्रापासून सात किलोमीटर आत, दोनशे मीटरपेक्षा जास्त उंचीवर आहे. तुमच्या गडग्याशी तो टिकेल असं मी म्हणू शकत नाही.

बोंडात बी नसणार. बोंड उघडलं की वर्षाच्या आत पंख असलेलं बी उडून जातं. एखादं अडकून राहिलं असलं तरी चाळीस वर्षांनी रुजणार नाही.

---

मुक्कामपुणे — २२ एप्रिल, दुपारी १:२०

काका, एक शंका. चीड कोरड्या हिवाळ्याचा म्हणून कोकणात बिघडतो असं समजू. पण खासी पाइन तर चेरापुंजीच्या शेजारचा. आपल्यापेक्षा तिथे पाऊस कितीतरी जास्त. मग तो का नको?

---

जांभादगड — २२ एप्रिल, संध्याकाळी ७:०५

चांगला प्रश्न आहे. पाऊस पाइनला मारत नाही, पाणी तुंबणं मारतं. शिलाँग दीड हजार मीटरवर आहे. उतार तीव्र, पाणी पडलं की निघून जातं आणि रात्री गार. आपल्या किनाऱ्यावर जुलैत विहीर कठड्याला लागते, म्हणजे मुळाखाली हात-दोन हातांवर पाणी. मातीचं तापमान रात्रीसुद्धा उतरत नाही. आणि खासी टेकड्यांवर खारं काही नाही. सुईच्या अंगावर मेण असतं, तरी मिठाचं तुषारपाणी रोज बसत राहिलं की टोकाकडून जळत येते.

आणखी एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. पाइनच्या मुळांना एका बुरशीची सोबत लागते. ही मारणारी बुरशी नव्हे, पोसणारी. मुळांच्या टोकांवर ती पांढरट आवरण करते आणि स्फुरद ओढून देते. जगात जिथे-जिथे पाइन परक्या मुलखात नेले, तिथे ही बुरशी नसल्यामुळे रोपं पिवळी पडून खुरटत. मग जुन्या पाइनखालची माती आणून मिसळल्यावर ती सावरली. मी बी आणलं, माती आणली नाही. ती माझी चूक झाली.

---

अष्टागरी — २२ एप्रिल, रात्री १०:३०

माझी फसवणूक लिहून ठेवते, म्हणजे दुसऱ्या कुणाची व्हायला नको.

घर बांधलं तेव्हा एका रोपवाटिकेतून "देशी पाइन, समुद्राला चालतो" म्हणून बाराशेला एक, अशी चार रोपं घेतली. देखणी, मजल्या-मजल्यांची, चांदणीसारख्या फांद्यांची. दोन वर्षांनी कळलं की ते अरोकेरिया, ज्याला ख्रिसमस ट्री म्हणून विकतात ते. मूळ दक्षिण पॅसिफिकच्या बेटांवरचं. ना पाइन, ना देशी.

समुद्राला चालतो हे मात्र खरं निघालं. खाऱ्या वाऱ्यात पानसुद्धा करपलं नाही. पण वारा अडवायला काही उपयोगाचं नाही, कारण फांद्यांच्या मजल्यांमधून वारा सरळ जातो. शिवाय चारही झाडं दक्षिणेकडे कलली आहेत. मला वाटलं मुळं हलली म्हणून, दोरखंड बांधून सरळ करायला बघितलं. नंतर वाचनात आलं की यातल्या एका जातीचा, कुक पाइनचा, हा स्वभावच आहे. विषुववृत्ताच्या बाजूला कलतो. आपल्याकडे दक्षिणेला, ऑस्ट्रेलियात उत्तरेला. २०१७ मध्ये शास्त्रज्ञांनी पाच खंडांतली झाडं मोजून ते दाखवून दिलं. दोरखंड सोडले. झाडांवर राग नाही. विकणाऱ्याने नाव खरं सांगायला हवं होतं, एवढंच म्हणणं आहे.

---

वाडीवरची — २३ एप्रिल, सकाळी ८:१५

जांभादगड काका, इतकं सविस्तर लिहिलंत, मनापासून आभार. वाचून रात्री थोडी खट्टू झाले होते, खरं सांगते. पण तुमचं ते एक झाड अजून आहे हे वाचून बरं वाटलं.

बोंडाची एक गंमत सांगायची राहिली. ते जून लागला की मिटतं. पहिला जोराचा पाऊस पडला की दोन-तीन दिवसांत सगळ्या पाकळ्या एकमेकींवर बसतात, मूठ आवळल्यासारख्या. नवरात्र संपता-संपता हळूहळू उघडतं, आणि दिवाळीत हात फिरवला तर पाकळ्यांची टोकं टोचतात. बाबा त्याच्याकडे बघून भात कापणीचा दिवस ठरवायचे. चाळीस वर्षं झाली तरी चुकत नाही. मेलेलं लाकूड हे कसं करतं?

मग आता सुरूच लावू का? निदान आवाज तरी तसा येईल.

---

जांभादगड — २३ एप्रिल, सकाळी ९:००

पाकळीच्या खालच्या आणि वरच्या थरातले धागे वेगवेगळ्या दिशेने बसलेले असतात. दमट हवेत एक थर जास्त फुगतो, दुसरा कमी, त्यामुळे पाकळी वाकते. यात जीव लागत नाही, म्हणून चाळीस वर्षं चालतं. झाडाला बी कोरड्या हवेत सोडायचं असतं, म्हणजे ते लांब उडतं. बाबा भातकापणी ठरवायचे ते बरोबरच होतं, हवा कोरडी झाल्याशिवाय ते उघडणारच नाही.

---

दर्यावर्दी — २३ एप्रिल, रात्री ८:५०

सुरूबद्दल मी लिहितो. मी मालवण तालुक्यातला, तीन पिढ्या मासेमारी.

सुरू आपला नाही. इंग्रजांनी १८६८ च्या सुमारास कारवारला आणला, जळणासाठी. तिथून किनाऱ्याकिनाऱ्याने पसरला. वाळूत वाढतो, मिठाला भीत नाही, पाच वर्षांत घराएवढा होतो. त्याच्या मुळांवर लालसर गाठी असतात, आल्याच्या तुकड्यासारख्या. त्या गाठींतले जंतू हवेतलं नत्र धरून देतात, म्हणून खतावाचून निव्वळ पुळणीत उभा राहतो. लाकूड जड, जळण एक नंबर, वासे चांगले निघतात. हे सगळं खरं.

पण आमच्या आज्यांचे शब्द तसेच्या तसे लिहितो : "सुरू उभो रवता तवसर उभो. पडलो की घर घेवन पडता." पाणी वर असलेल्या वाळूत त्याची मुळं खोल जात नाहीत, पसरतात. वर मात्र शिडासारखा उंच. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आमच्यासमोरून गेलं तेव्हा पहिल्या रांगेतले सुरू मुळासकट ताट उलटावं तसे उलटले. त्याच पुळणीच्या टोकाला माझ्या आज्याने लावलेली उंडी आहे. तिच्या फांद्या मोडल्या, पानं झडली, दीड महिन्यात ती पुन्हा हिरवी. जागची हलली नाही.

ताई, उंडी लावा.

---

केवडा — २३ एप्रिल, रात्री ९:१५

उंडी म्हणजे जिच्या बियांचं तेल दिव्यात घालायचे ती? आजीकडे बाटली असायची, गुडघ्याला चोळायची.

---

दर्यावर्दी — २३ एप्रिल, रात्री ९:४०

तीच. पान जाड, चकाकतं, मधल्या शिरेपासून दोन्हीकडे बारीक रेघा अगदी चिकटून, फणीच्या दातांसारख्या. फूल पांढरं, मधे पिवळा केसरांचा झुबका, वास गोड. लाकडाच्या होड्यांना फळ्या आणि डोलकाठ्या उंडीच्या करत. तेल खायचं नाही, बी विषारी आहे. चीक डोळ्यात जाऊ देऊ नका, फार झोंबतो. लहान मुलं असली तर सांगून ठेवा.

---

वेळासचा — २४ एप्रिल, सकाळी ७:२५

उंडीला माझं अनुमोदन. सुरूला विरोध का, तेही लिहितो, कारण किनाऱ्यावर झाडं म्हटली की सगळे डोळे मिटून सुरूच लावतात.

आमच्या मंडणगड तालुक्यातल्या वेळासला २००२ पासून सह्याद्री निसर्ग मित्र या चिपळूणच्या संस्थेने कासवांचं काम उभं केलं. ऑलिव्ह रिडले माद्या थंडीत पुळणीवर येऊन अंडी घालतात. मी पहाटे पुळणीवर फिरतो, पावलांचा माग बघतो. मादीला वाळू खणायला मोकळी, उबदार जागा लागते. सुरू भरतीच्या रेषेपर्यंत आणून लावला की वाळूत मुळांची जाळी होते, वर त्या काड्यांची गादी बसते, आणि सावलीने वाळू गार पडते. अंड्यातून नर निघणार की मादी हे वाळूच्या उबेवर ठरतं, म्हणून सावली ही लहान बाब नाही. सुरूखाली दुसरं काही उगवतही नाही. अमेरिकेत फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर तर त्याला घुसखोर झाड म्हणून जाहीर केलंय.

पुळणीवर सगळ्यात पुढे मर्यादवेल राहू द्या. जांभळ्या फुलांची, बकरीच्या खुरासारख्या पानांची. ती वाळू धरून ठेवते. पूर्वी समुद्राची मर्यादा तिच्यावरून ओळखत, नावच ते आहे. तिच्यामागे केवडा, निगडी. त्यामागे उंडी, करंज, पारसपिंपळ. तुमचा गडगा पुळणीपासून मागे आहे, तेव्हा तुम्ही झाडं लावल्याने कासवांना त्रास नाही. पण बनातली ती खिंड बुजवायला गावाने पुन्हा सुरूच लावायचं ठरवलं तर ग्रामसभेत हे बोला, अशी हात जोडून विनंती.

---

अष्टागरी — २४ एप्रिल, दुपारी ३:१०

वेळासचा, मन लावून लिहिलंत. पण सुरूला इतकं वाईट नका ठरवू. आमच्याकडे निसर्ग वादळात पहिला मार सुरूनेच खाल्ला, त्याच्यामागची घरं म्हणून कमी मोडली. हे मी डोळ्यांनी बघितलं आहे. कौलं गेली, भिंती राहिल्या.

---

वेळासचा — २४ एप्रिल, दुपारी ४:०२

मान्य आहे, ताई. उभे आहेत ते तोडा असं मी म्हणणार नाही. नवीन लावताना नुसताच सुरू नको, आणि भरतीच्या रेषेवर नको, एवढंच.

---

जांभादगड — २४ एप्रिल, संध्याकाळी ६:४५

वारा अडवायचा तर आणखी एक लक्षात घ्या. भिंत बांधल्यासारखी घट्ट रांग नको. भिंतीवरून वारा उसळतो आणि पलीकडे जमिनीवर आपटतो, तिथेच जास्त मोडतोड होते. निम्मा वारा गाळून जाऊ देणारी रांग सगळ्यात चांगली. अशा रांगेचा आडोसा तिच्या उंचीच्या दहा-पंधरा पट अंतरापर्यंत जाणवतो. म्हणजे पंधरा फुटांची उंडी झाली तरी पडवीपर्यंत पुरेल.

माझा सल्ला : समुद्राच्या बाजूला गडग्यालगत पारसपिंपळाच्या मनगटाएवढ्या फांद्या पावसाच्या तोंडावर रोवा. त्या लगेच फुटतात आणि तीन वर्षांत आडोसा देतात. त्यांच्या आत, घराच्या बाजूला, एकमेकींपासून पंधरा-पंधरा फुटांवर उंडी. उंडी सावकाश वाढते, तोवर पारसपिंपळ तिला सांभाळेल. पारसपिंपळाचं पिवळं फूल संध्याकाळपर्यंत तांबूस होतं, ते बघायलाही छान.

आणि चीड लावाच, कुंडीत. बाबांसाठी. या वेळी माती आणवा.

---

सुरंगीची_वेणी — २४ एप्रिल, रात्री ११:२०

वेंगुर्ल्याहून. जागा असेल तर एक सुरंगी पण लावा, घराच्या अंगाला, आडोशात. उंडीच्याच जवळची. फुलायला वर्षं लागतात, पण मार्चमध्ये अख्खा वाडा घमघमतो.

---

वाडीवरची — १९ मे, रात्री ८:३०

महिनाभर इथे आले नव्हते, पण रिकामी बसले नव्हते. सांगते सगळं.

दर्यावर्दी दादांनी एसटीच्या पार्सलने उंडीच्या साठ बिया पाठवल्या, वटवाघळांनी गर खाऊन झाडाखाली टाकलेल्या. पैसे घ्यायला तयार नाहीत. त्यांनी फोनवर सांगितल्याप्रमाणे मी तीन वाटण्या केल्या. वीस बिया कवचासकट लावल्या, वीसांचं कवच हातोडीने हलकेच तडकवलं, आणि वीसांचं कवच काढूनच टाकलं. कवच काढताना आतला पिवळसर गोळा अखंड राहायला हवा, म्हणून तीन बिया गेल्या. कवच लाकडासारखं आणि आतून बुचासारखा थर. त्या बुचामुळेच बी समुद्रावर तरंगत जातं असं दादा म्हणाले.

चीडाचं पण झालं. बाबांच्या पलटणीतले एक काका अल्मोड्याजवळ राहतात. फोन करायला धीर होत नव्हता. केला तर ते बराच वेळ काही बोललेच नाहीत, मग म्हणाले, "पाठवतो." आठवड्याने कापडी पिशवी आली. एका पुडीत पंखांसकट बी, दुसऱ्या पुडीत चीडाखालची माती, तपकिरी, काड्याकाड्यांची. तिला राळेचा वास होता. आईने पिशवी बराच वेळ नाकाशी धरली.

---

दर्यावर्दी — १९ मे, रात्री ९:०५

मुंग्या सांभाळा. आणि उंडीला ऊन थेट नको आत्ता, नारळाच्या झावळ्यांची सावली करा.

---

वाडीवरची — ३० जून, सकाळी १०:००

कवच काढलेल्यांपैकी पहिली उंडी चोविसाव्या दिवशी वर आली. आज सतरापैकी बारा वर आहेत. तडकवलेल्या आता कुठे डोकं काढताहेत, सात झाल्या. अख्ख्या कवचाच्या अजून ढिम्म. कोवळं पान तांबूस, गुळगुळीत, बोट फिरवलं तर मेणासारखं.

चीडाच्या चौदा बियांतून नऊ रुजल्या. मला कुणी सांगितलं नव्हतं की ते रोप इतकं सुंदर असतं. देठ गुलाबी, वर बारा-तेरा सुयांचं चक्र, आणि त्या सुयांच्या टोकांना बियाचं टरफल टोपीसारखं तसंच अडकलेलं. दोन दिवस टोपी घालून उभी होती. मग एकेक गळली.

पाऊस ९ तारखेला लागला. बोंड ११ ला मिटलं.

---

जांभादगड — ३० जून, सकाळी १०:४०

चीडाच्या कुंड्या पागोळ्यांखालून हलवा, आजच. पाणी आपण घालू तेवढंच. कुंडीत निम्मी जाडसर वाळू आणि तळाला जांभ्याची खडी.

---

वाडीवरची — २ नोव्हेंबर, संध्याकाळी ५:३०

जुलैत पाच चीड गेले. काकांनी सांगितलं होतं तसंच, मातीलगत काळे पडून. दोन ऑगस्टमध्ये. एक परवा मांजराने उकरलं. एक आहे. चार बोटं उंच, हिरवंगार. काल त्याच्या मुळाशी माती थोडी सरकवून बघितली तर टोकांवर पांढरट लव दिसली, तीच ती बुरशी असावी. पुन्हा झाकून ठेवलं.

उंडीची एकूण अठ्ठेचाळीस रोपं झाली. अख्ख्या कवचाच्याही शेवटी आल्या, दोन महिने घेतले. सहा मी ठेवते. बाकीची ग्रामपंचायतीला दिली. वेळासचा, ग्रामसभेत बोलले. सुरुवातीला कुणी ऐकेना, सुरू फुकट मिळतो म्हणाले. मग आमच्या शेजारचे एक म्हातारे उठले आणि त्यांच्या लहानपणी खिंडीच्या जागी उंडीच होत्या, तेल काढायला बायका पाट्या घेऊन जायच्या, असं त्यांनी सांगितलं. हे मलाही माहीत नव्हतं. पुढच्या पावसात खिंडीत मागच्या दोन रांगा उंडी आणि करंजाच्या लावायचं ठरलंय. पुढे मर्यादवेल तशीच ठेवायची.

---

वेळासचा — २ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:१०

डोळे भरून आले वाचून. रोपं लावायला आम्ही पाच-सहा जण येतो. तारीख सांगा.

---

वाडीवरची — १५ जून २०२५, रात्री ९:००

आज लावली. गेल्या वर्षी रोवलेले पारसपिंपळाचे खुंट माझ्या खांद्याला आले आहेत, त्यांच्या आत सहा उंडी. हातभर खोल आळं, शेणखत, वर झावळ्यांचं आच्छादन. खिंडीत गावाने बेचाळीस उंडी आणि तीस करंज लावले. वेळासचे पाहुणे आले होते. दर्यावर्दी दादा मालवणहून रात्रीच्या गाडीने आले, खरं तर ते येतील असं वाटलं नव्हतं. त्यांनी एक उंडी स्वतःच्या हाताने लावली आणि आमच्याकडे आंबोळी खाऊन गेले.

चीड वीतभर झालाय. तीन-तीनच्या जुड्या आत्ता सुटायला लागल्या, तोवर सुया सुट्याच होत्या. कुंडी पडवीच्या पूर्वेच्या कोपऱ्यात आहे, तिथे खारा वारा पोचत नाही. आईने फळीवरचं बोंड काढून त्याच्या शेजारी कट्ट्यावर ठेवलंय. मिटलेलं आहे.